तोरा शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

शनवारतेलीण

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, हा विषय बघून काहींना नवल वाटेल. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ पेणजवळचे, आता दोन पिढ्या ठाण्यात. टोपणनावाचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणात आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

अडचण अशी आहे. सिमहात तोरा, म्हणजे तोराचं वर्षभराचं वाचन पूर्ण झाल्याचा सण, नुकताच झाला, वाचनाचं वर्ष पुन्हा बेरेशीतपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरू झालंय. मुलगा बारा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी त्याची बार मित्सवा (वयात आल्याचा विधी, तेव्हा सिनेगॉगमध्ये तोरा वाचायचा असतो). तो हिब्रू अक्षरं लावून वाचतो, पण कळत काही नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. आजीची प्रार्थनेची पोथी आहे, हिब्रू शब्द देवनागरीत छापलेले. ती मी लहानपणापासून घडाघडा म्हणते. अर्थ विचारला की गप्प. यंदा ठरवलंय, दर आठवड्याचा पाराशा, म्हणजे त्या आठवड्याला नेमलेला तोराचा भाग, समजून वाचायचा.

नेटवर शोधायला गेले तर थांगच लागेना. एका रात्रीत चौदा संकेतस्थळं उघडली. फोन तापला, डोकंही. कुठे एका ओळीवर चाळीस टीका, कुठे रब्बी (धर्मगुरू) इतक्या भरभर बोलतात की इंग्रजी येऊनही काही हाती लागत नाही. एका ठिकाणी ‘अगदी नवशिक्यांसाठी’ म्हणून फी भरली, आणि पहिल्याच तासाला शिकवणाऱ्यांनी धरून चाललं की सगळ्यांच्या घरी हे बालपणापासून चालूच असतं. पैसे पाण्यात. मग ब्राउझरकडून मराठी करून घेतलं. उपवासाच्या दिवसाचा ‘जलद दिवस’ झाला आणि गणना या पुस्तकाचे ‘आकडे’!

मला स्वतःला अर्थ कळेल असं काहीतरी हवंय. आईला (वय ७१) इंग्रजी येत नाही, तिला मराठीत. आणि मुलाला वाचायची चाल. ज्यांनी या वाटेने चालून बघितलंय त्यांनी सांगा.

---

गप्पिष्ट_गणू

ताई, प्रश्न अडाणी असेल तर माफ करा. तोरा म्हणजे बायबलचा जुना करारच ना? तो मराठीत ॲपवर फुकट मिळतो. आणि तोरा शिकावा कशाला लागतो, आमच्या ऑफिसात अर्धे लोक न शिकताच मिरवतात.

---

शनवारतेलीण

गणूभाऊ, हा विनोद मी चौथीपासून ऐकतेय. पण गंमत सांगू? सिमहात तोराला आम्ही खरोखरच तोरा मिरवतो. चर्मपत्राची गुंडाळी, सेफेर म्हणतात तिला, कवेत घेऊन सिनेगॉगमध्ये सात फेऱ्या. वजन चांगलंच असतं. माझे मामा तिसऱ्या फेरीला घामाघूम.

जुन्या कराराचं जाणकारांनी सांगावं. मलाही त्यातला फरक नीट माहीत नाही.

---

अश्दोदकर

शालोम ताई. मी मूळ रेवदंड्याचा, शाळकरी वयात इस्रायलला आलो. माझी मराठी तेव्हाच्या वयाची राहिली आहे, सांभाळून घ्या.

चौदाच्या चौदा बंद करा. एकच उघडा: सेफारिया. जोशुआ फोअर नावाचे एक लेखक आणि ब्रेट लॉकस्पायझर नावाचे एक सॉफ्टवेअर अभियंते, या दोघांनी २०११ मध्ये सुरू केलेलं. धर्मादाय काम, पैसे लागत नाहीत. तोरा, नेव्हीईम (संदेष्ट्यांची पुस्तकं), केतुवीम (इतर लेख), मिश्ना आणि तालमूद (रब्बींची धर्मचर्चा), सगळं हिब्रू आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीसकट. ॲपमध्ये पुस्तकं उतरवून ठेवली की नेट नसतानाही चालतात. लोकलमध्ये वाचता येईल.

आता वापरायचं कसं, कारण इथेच लोक बुडतात. चालू आठवड्याचा पाराशा तिथे समोरच मिळतो. एखाद्या पासूकवर, म्हणजे वचनावर, बोट ठेवलं की बाजूला खण उघडतो आणि त्यात राशी, इब्न एज्रा, रामबान, मिद्राश, तालमूद अशी टीकाकारांची आणि टीकांची रांग लागते. पहिलं वर्षभर त्या रांगेतला एकच माणूस ओळखीचा करून घ्या: राशी. म्हणजे फ्रान्समधल्या त्र्वा गावचे रब्बी श्लोमो यित्सहाकी, १०४० ते ११०५. त्यांचं वाक्य तोकडं असतं आणि ते कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं, पण प्रश्न ते सांगत नाहीत. इथल्या शाळेत गुरुजी हटकून विचारायचे, ‘मा काशे ले-राशी?’ राशीला इथे खटकलं काय? मुलाला हाच खेळ लावा. उत्तर वाचायचं आणि प्रश्न शोधायचा. बारा वर्षांचा पोरगा आईपेक्षा लवकर शोधतो.

एका बैठकीत सबंध पाराशा वाचू नका. त्याचे सात भाग असतात, सिनेगॉगमध्ये सात जणांना बोलावतात त्याप्रमाणे. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, असं करत शाब्बातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सातवा. खाबाद डॉट ऑर्गवर रोजचा भाग राशीसकट इंग्रजीत वेगळा काढून दिलेला असतो. रोजची वीस मिनिटं.

तालमुदात सांगितलंय (बेराखोत, पान ८), आठवड्याचा पाराशा दोनदा मुळातून वाचावा आणि एकदा तार्गुममधून. तार्गुम म्हणजे भाषांतर. तेव्हा लोकांच्या तोंडी आरामी होती म्हणून आरामी. तुमच्या आईंचं तार्गुम मराठीच असणार, त्यात कमीपणा मानू नका.

---

पोथीवाला

मी ज्यू नाही. जुन्या मराठी छपाईच्या नादाने या विषयात शिरलो आणि तिथेच रमलो.

गणूभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, पण’ असं आहे. तोरा म्हणजे पहिली पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. हिब्रूत बेरेशीत, शेमोत, वायिक्रा, बामिदबार, देवारीम. मजकूर तोच. पण ख्रिस्ती परंपरेने पुढच्या पुस्तकांचा क्रम वेगळा लावला. जुना करार मलाखीवर संपतो, ज्यूंचं तनाख, म्हणजे तोरा, नेव्हीईम आणि केतुवीम मिळून, इतिहासाच्या पुस्तकावर. शिवाय भाषांतर करणारा आपली श्रद्धा बरोबर घेऊन येतो. यशया ७:१४ मध्ये हिब्रू शब्द ‘आल्मा’ आहे, म्हणजे तरुण स्त्री. मराठी बायबलात तिथे ‘कुमारी’ आहे. एका शब्दावर दोन धर्मांचा दोन हजार वर्षांचा वाद उभा आहे.

शनवारतेलीणताई, आईंसाठी मराठी बायबल वापरायला हरकत नाही, पण एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो. वचनांचे आकडे सगळीकडे जुळत नाहीत. मराठीतलं उत्पत्ती ३१:५५ हे हिब्रूत ३२:१ आहे. त्यामुळे तुम्ही वायेत्से या पाराशाला पोचाल तेव्हा सेफारिया सांगेल ३२:३ पर्यंत वाचा, आणि आई एक वचन जास्तीचं वाचून बसतील. स्तोत्रसंहितेत तर हा घोळ पानोपानी, कारण हिब्रूत बऱ्याचदा स्तोत्राच्या शीर्षकालाच पहिला आकडा असतो.

मराठीतलं खास ज्यू साहित्य म्हणाल तर ते आहे, पण जुनं आहे. १८४६ मध्ये मुंबईत पेसाख सणाची हागादा, म्हणजे त्या रात्री घरी वाचायची पोथी, हिब्रू-मराठी शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ ची पुण्याची हागादा त्याहून देखणी, तिच्यात साडी नेसलेल्या बायका मात्सा (बिनखमिराची भाकरी) करताना दाखवल्या आहेत. मोठ्या ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांत तिची पानं बघायला मिळतात. तेवढं चित्र आईंना दाखवाच. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. ते मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. आणि हिब्रूचं व्याकरण मराठीत १८३२ मध्येच निघालं होतं, तेही जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याचं! विल्सनसाहेबांना हवं ते धर्मांतर फारसं झालं नाही, हिब्रू मात्र कोकणात पोचली.

ही भाषा आज वाचायला जड जाते, लिपीचं वळणही जुनं आहे. पण तुमच्या आई कदाचित आपल्यापेक्षा सहज वाचतील.

---

सॅन_होजेची_काकू

मी जन्माने देशस्थ, नवरा ज्यू, गेली बावीस वर्षं अमेरिकेत. लग्नानंतर मीही शून्यातून शिकले, त्यामुळे ताईंची ती चौदा टॅबची रात्र डोळ्यांसमोर आली.

अश्दोदकर दादांशी अर्धी सहमत. सेफारिया हे भांडार आहे, पण भांडारात शिरणाऱ्याला आधी कुठल्या फळीवर काय हे कळायला हवं. त्यासाठी माय ज्युइश लर्निंग. लहान लेख, साधं इंग्रजी, ‘मिद्राश म्हणजे काय’, ‘हाफतारा (पाराशानंतरचं संदेष्ट्यांच्या पुस्तकातलं वाचन) कशाला वाचतात’ असले बाळबोध प्रश्न न लाजता घेतलेले. आधी तिथे पाराशाचा सारांश वाचायचा, मग सेफारियावर मूळ. मला अजूनही असंच लागतं.

तारखांसाठी हेबकॅल. शहर मुंबई निवडलं की शुक्रवारी दिवे कधी लावायचे, या शनिवारी कुठला पाराशा, कुठली हाफतारा, सगळं येतं. आजीच्या पुण्यतिथीची हिब्रू तारीखही काढून देतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये एकदा जोडलं की वर्षभर बघायला नको.

---

अश्दोदकर

हेबकॅल उत्तम, माझ्याही फोनवर आहे. पण माय ज्युइश लर्निंगवर सगळे पंथ एका ताटात वाढलेले असतात, ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म. नवशिक्याला कुठला घास कुणाचा हे कळत नाही. आधी एक घर पक्कं करावं, मग शेजाऱ्यांकडे जावं.

---

सॅन_होजेची_काकू

आणि तुमचं खाबाद हे काय पंथाविना आहे का? तेही एका हसिदी घराण्याचंच. माहिती चांगली असते, मीही वाचते, पण ते त्यांच्या खिडकीतून दिसणारं आकाश आहे हे ताईंना कुणीतरी सांगायला नको का?

---

अश्दोदकर

बरोबर. ते सांगायला हवं होतं. माझी चूक.

---

शनवारतेलीण

भांडू नका हो, दोघांचंही वहीत उतरवून घेतलंय. आमच्या घरी हे पंथबिंथ कधी कुणी बोललंच नाही. नव्याचा सण (नववर्ष), दारफाळणीचा सण (योम किप्पूर), बिरड्याचा रोजा, मलिद्याच्या विधीला पोहे-गूळ-खोबरं आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव. एवढं केलं की झाले ज्यू.

---

पोथीवाला

घरी नसेल बोललं, पण मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी मंडळी १९२५ पासून आहे. म्हणजे ताटातले पदार्थ आपल्याकडेही शंभर वर्षांचे.

‘बिरड्याचा रोजा’ वाचून मात्र मजा आली. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपवास, हिब्रूत तिशा बे-आव. आणि नावात कोकणातलं वालाचं बिरडं.

---

रोज_एक_पान

मी पुण्यात लाल देवळाच्या मागच्या गल्लीत राहिलेलो, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग. ज्यू नाही, पण कुतूहल जुनं. ‘दाफ योमी’ ऐकलंय, जगभर लोक रोज तालमुदाचं एकच पान वाचतात म्हणे. मलाही असं रोजचं काही लावून घ्यायला आवडतं. ताई आणि मी थेट त्यातच उडी मारली तर?

---

अश्दोदकर

मारू नका. लुब्लिनचे रब्बी मेइर शापिरो यांची ही कल्पना, १९२३ पासून चालू आहे. पानं २७११, म्हणजे साडेसात वर्षं. सध्याची फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, २०२७ च्या जूनमध्ये संपेल. मधेच चढायचं म्हणजे चालती गाडी पकडण्यासारखं. त्यात तालमूद एकाला बोलता बोलता तिसऱ्यालाच आत घेतो. बैलाच्या शिंगावरून सुरुवात झाली आणि साक्षीदाराच्या उलटतपासणीवर गाडी गेली, हे तिथे नेहमीचं.

त्यापेक्षा मिश्ना घ्या. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हानासींनी लावलेली, तालमूद हे तिच्यावरचंच चर्वितचर्वण. भाषा आटोपशीर. पहिलीच मासेखेत, म्हणजे प्रकरणग्रंथ, बेराखोत, आणि तिचं पहिलंच वाक्य: संध्याकाळी शेमा (देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना) केव्हापासून म्हणावा? ताई, इथे जरा थांबा. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून सात बायका आणि सात पुरुष वाचले, अशी आपली गोष्ट. पुस्तकं बुडाली, प्रार्थना विसरल्या, लक्षात राहिला तो शेमा. ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद.’ लग्न असो, सुंता असो, मयत असो, तेवढंच म्हणायचे. आणि रब्बींचा सगळा डोलारा जिथून सुरू होतो ते पहिलं वाक्य नेमकं त्याच्याबद्दल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सैन्यात होतो, रात्रीच्या पहाऱ्यावर. अंगावर काटा आला होता.

---

सॅन_होजेची_काकू

दाफ योमी करायचंच असेल तर पुढच्या फेरीला, आणि तेव्हा हादरान ऐका. रब्बानित मिशेल कोहेन फार्बर रोज पान शिकवतात, पॉडकास्ट फुकट आहे. बाई तालमूद शिकवतेय हे ऐकण्यातही एक बळ मिळतं. आणि तालमुदाचं इंग्रजी सेफारियावर २०१७ पासून खुलं आहे, रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ यांच्या कामावर आधारलेलं. त्यांनी १९६५ मध्ये सुरुवात करून २०१० मध्ये सबंध तालमुदावरची टीका पुरी केली. पंचेचाळीस वर्षं!

---

खरी_वाट_२२

ताई, तुमच्यासाठी मराठीत तोरा अभ्यासाचं खूप छान संकेतस्थळ आहे, दर आठवड्याचा पाराशा मराठीत, तोही मोफत. दुवा: [संपादकांनी काढला]

---

पोथीवाला

संपादक, दुवा काढलात ते बरं केलंत. मी तो उघडून बघितला होता. वर मेनोराचं चित्र, शाब्बात शालोम, हिब्रू अक्षरं, सगळा थाट ज्यू. तिसऱ्या परिच्छेदात पाराशाचा अर्थ ‘येशुआ’कडे, म्हणजे येशूकडे, वळला. ज्याला ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचाय त्याने तो त्याच्या नावाने खुशाल वाचावा. इथे पाटी एका दुकानाची आणि माल दुसऱ्या दुकानाचा, एवढाच आक्षेप.

ओळखायचं कसं? ‘आमच्याविषयी’ हे पान आधी वाचा. शिकवणाऱ्याचं नाव, तो कुठे शिकला, कुठल्या सिनेगॉगशी जोडलेला आहे, यातलं काहीच नसेल तर सावध. ‘ब्रित हादाशा’ हा शब्द पाराशाच्या वाचनाला जोडून आला तर नक्कीच सावध. त्याचा अर्थ नवा करार.

---

गप्पिष्ट_गणू

मी आलो होतो विनोद करायला आणि आता रोज रात्री हा धागा उघडून बसतोय. बायको विचारते, कुणाशी एवढं चॅट करतोयस?

एक शंका. हिब्रू देवनागरीत लिहिली तर उच्चार बरोबर येतात का?

---

तआमीम

गणूभाऊंचा प्रश्न माझ्या आवडीचा. मी मुंबईत बरीच वर्षं सेफेर वाचायचो, आता घशाने साथ सोडलीय.

देवनागरीत बरंच येतं. त्सादे हे अक्षर तर मराठी माणसाला सोपं. इंग्रजी माणूस अडखळतो, आपण ‘चमचा’मधला च म्हटला की काम जवळपास झालं. ‘मित्सवा’, ‘मात्सा’, जिभेला काही कष्ट नाहीत. फसतो ते खेत आणि खाफ इथे. दोन वेगळी अक्षरं, आपण दोन्हीकडे एकच ख लिहितो. आयिन तर देवनागरीत येतच नाही. म्हणून देवनागरी पोथी पाठांतराला चांगली, शिकायला नाही. ‘आखी’ असं नुसतं देवनागरीत वाचून ते ‘माझा भाऊ’ आहे हे कळायला आत कुठलं अक्षर आहे ते बघावंच लागतं. मुलाला हिब्रू अक्षरं येतात ना, मग त्याची पोथी काढून घ्या. तुम्हीही महिनाभर अक्षरं गिरवा, बावीसच आहेत. मराठी बाराखडी पार केलेल्याला ती काय भारी?

आणि एक. फोनवरची भाषा शिकवणारी ॲप आजची हिब्रू शिकवतात, बसचं तिकीट मागण्याची. तोरातलं क्रियापद वेगळं चालतं. तिथे ‘वायोमेर’ म्हणजे ‘आणि तो म्हणाला’. व लावला की भविष्यकाळाचं रूप भूतकाळात जातं. ही एक गोष्ट कळली की बेरेशीतचं अर्धं पान उलगडतं.

आता चालीबद्दल, ताईंच्या मुलाची. सेफेरमध्ये स्वरचिन्हं नसतात, काने-मात्रेही नसतात, नुसती व्यंजनं. वाचणाऱ्याने सगळं आधी पाठ करायचं. सरावाला टिक्कुन डॉट आयओ बघा. सेफेरमध्ये दिसतं तसंच पान पडद्यावर येतं, आणि चिन्हं दाखवायची-लपवायची सोय आहे. साधं वाचन ऐकायचं तर मेखोन मामरेवर सबंध तनाख ध्वनिरूपात आहे, प्रकरणागणिक.

पण चाल? बार मित्सवा शिकवणारी बहुतेक ॲप अश्केनाझी चालीत आहेत, म्हणजे पूर्व युरोपाकडची. आपली रीत सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडची. आपल्याला आधी कोचीनच्या लोकांनी शिकवलं, मग बगदाद आणि येमेनकडच्या हझानांनी (प्रार्थना गाणाऱ्यांनी), आणि या सगळ्यावर कोकणाचं पाणी चढलं. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पियुट विभागात निरनिराळ्या समाजांच्या चाली ऐकायला ठेवल्या आहेत, तिथे बेने इस्राएलही सापडतील. हिब्रूत भारताला होदू म्हणतात, त्या शब्दाने शोधा. पण ते पियुट, म्हणजे गाणी. पाराशा वाचायची ठाण्याची चाल, पेणची चाल, ही कुठल्याही सर्व्हरवर नाही. ती तुमच्या मामांच्या घशात आहे. माझ्या गुरूंची चाल मी रेकॉर्ड केली नाही. ‘पुढच्या सणाला करू’ म्हणत राहिलो. ताई, मुलाला इतर कुठली चाल शिकवायच्या आधी मामांना गाठा. शाब्बात सोडून कुठल्याही दिवशी.

---

शनवारतेलीण

(सहा आठवड्यांनी)

धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं झालंय.

सुरुवातीचे दोन आठवडे काही जमलं नाही. दिवाळी, मुलाची परीक्षा, माझं नेहमीचं. ‘लेख लेखा’ या तिसऱ्या पाराशापासून गाडी रुळावर आली. सकाळी पोळ्या झाल्या की वीस मिनिटं. अश्दोदकर दादांचा राशीचा खेळ हिट आहे. मुलगा आता स्वयंपाकघरात येऊन ‘आई, राशीला काय खटकलं?’ असं गुरुजींच्या थाटात विचारतो. भाजीत मीठ कमी असलं तरी.

शाब्बातला फोन नको म्हणून शुक्रवारी दुपारी सेफारियावरून पानं छापून घेते. आमच्या सोसायटीखालच्या झेरॉक्सवाल्याने पहिल्यांदा हिब्रू बघून विचारलं, ‘ताई, प्रिंट उलटी आलीय का?’ आता तो उजवीकडून पिन मारून देतो.

मागच्या आठवड्यात वायेत्से होता. पोथीवाल्यांनी सांगितलेला खड्डा बरोबर तिथेच लागला, आई एक वचन पुढे गेलीच! पण मला सांगायचंय ते पाराशाच्या पहिल्या ओळीचं. याकोब बेर शेबा सोडून हारानला निघाला. राशी विचारतात (म्हणजे विचारत नाहीत, आम्ही शोधून काढलं), हारानला गेला एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, बेर शेबातून निघाला हे कशाला सांगायचं? आणि उत्तर देतात की सत्पुरुष गाव सोडतो तेव्हा त्याची खूण राहते. तो असतो तोवर गावाची शोभा तोच, गावाचं तेज तोच. तो गेला की शोभा गेली.

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, ‘पेणला आपल्या आळीत शुक्रवारी संध्याकाळी एकामागून एक दिवे लागायचे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. शेवटी आमचंच दार उरलं, तेव्हा शेजारच्या पाटलीणबाई म्हणायच्या, शुक्रवार आल्याचं कळतच नाही आता.’ ही गोष्ट तिने मला आजवर कधी सांगितली नव्हती.

रविवारी मामांकडे गेलो. फोन मधे ठेवला. मामा म्हणाले, घसा बसलाय, नको. मग मुलाने वायेत्सेची पहिली तीन पासूकं ॲपवर ऐकलेल्या चालीत म्हटली. मामांनी दुसऱ्या पासूकाला हात वर केला, ‘असं नाही रे’, आणि सुरू झाले. सव्वीस मिनिटं. मधे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, त्या तशाच ठेवल्यात.

---

तआमीम

शिट्ट्या काढू नका. फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि नावात मामांचं गाव लिहा.

---

अश्दोदकर

ताई, वायेत्सेबद्दल एक राहिलं. मुलाला सेफेर उघडून दाखवा. बहुतेक पाराशांमध्ये मजकुरात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. वायेत्सेच्या १४८ पासूकांत एकही नाही, सलग. याकोब घरून निघाला तो परत येईपर्यंत कुठे थांबायला जागाच नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, वाचणाऱ्यालाही श्वास मिळत नाही तिथे.

---

रोज_एक_पान

मी मिश्ना बेराखोत सुरू केलं होतं. दुसऱ्या अध्यायावर अडलोय, एकट्याने वाचताना झोप येते. कुणी जोडीला आहे का? आठवड्यातून एकदा फोनवर चालेल.

---

अश्दोदकर

याला हेव्रुता म्हणतात, दोघांनी समोरासमोर बसून वाद घालत शिकायचं. मिश्नेतल्या पिर्के आवोतमध्ये आहे, स्वतःसाठी गुरू कर आणि सोबती मिळव. मी तयार आहे. मोत्साए शाब्बात, म्हणजे तुमचा शनिवार रात्र. इथले साडेसात, तुमचे अकरा. जागाल का?

---

रोज_एक_पान

हिवाळ्यात जागेन. वाद घालायचा म्हणालात ना, मग झोप कशी येईल.

---

कळवा_लोकल

इतके दिवस नुसती वाचत होते, आज खातं उघडलं. शनवारतेलीणताई, मीही आपल्यातलीच, कळव्याला असते. सासूबाईंना मराठीच येतं. या आठवड्याच्या वायिशलाख पाराशाची पानं छापलीत का? एक प्रत मिळेल?

---

शनवारतेलीण

दोन छापते. शुक्रवारी दिवे पावणेसहाच्या आतच लावायचेत, त्यामुळे चारपर्यंत या, नाहीतर गुरुवारी संध्याकाळी. मराठी बायबल आणणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात ३२:३ पासून सुरू करायचं, ३२:४ पासून नाही. सासूबाईंनाही आणा, आई घरीच असते.